उतारवयातील अवखळ सोबती

निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि औषधोपचार या तीनच अंगांनी होत आला आहे. नोकरदार मध्यमवर्गाची सारी आकडेमोड या तिहींभोवती फिरते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पैशाची तरतूद झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, तो दिवसाच्या चोवीस तासांचा. ज्याच्या दिवसाला पस्तीस वर्षे कचेरीच्या हजेरीपटाने किंवा शाळेच्या घंटेने आकार दिला, त्याच्या दिवसातून ती घंटा एकाएकी नाहीशी होते. ही पोकळी भरून काढण्यासाठी कोणी देवळात जातो, कोणी वाचनालयात, तर कोणी ज्येष्ठ नागरिक संघात. अलीकडे शहरांतील, आणि तालुक्याच्या गावांतीलही, अनेक घरांत याच पोकळीत एक कुत्रा येऊन बसलेला दिसतो. पुष्कळदा ते उंची जातीचे पिल्लू असते, आणि पुष्कळदा ते परगावी वा परदेशी असलेल्या मुलाने किंवा मुलीने आईवडिलांना ‘सोबत’ म्हणून आणून दिलेले असते.

या गोष्टीकडे निव्वळ हौस म्हणून पाहून सोडून देणे सोपे आहे. परंतु तीत वृद्धांचे एकाकीपण, शहरातील घरांची रचना, शेजारधर्म आणि एका मुक्या जिवाचे बारा-तेरा वर्षांचे आयुष्य गुंतलेले असल्यामुळे तिचा काहीसा काटेकोर विचार व्हावयास हवा. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. २०१७-१८ मध्ये वृद्धांची जी देशव्यापी पाहणी झाली, तीत यांपैकी सुमारे ६ टक्के व्यक्ती एकट्या आणि सुमारे २० टक्के केवळ जोडीदारासह राहत असल्याचे आढळले. म्हणजे दर चार वृद्धांपैकी एकाच्या घरात तरुण माणूस नाही. अशा घरात दिवसभर उड्या मारणारा, दोरी ओढणारा, चपला कुरतडणारा एक तरुण प्राणी येतो, तेव्हा तो आधार ठरतो की ओझे, हा प्रश्न दुय्यम मानता येणार नाही.

लाभाची बाजू

लाभाची बाजू प्रथम पाहू. १९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या घरी कोणताही पाळीव प्राणी नव्हता अशा ३९ रुग्णांपैकी ११ जण वर्षभरात दगावले. ज्यांच्या घरी प्राणी होता अशा ५३ पैकी तिघेच दगावले. या आकड्यांनी त्या काळी मोठे कुतूहल निर्माण केले. पुढे २०१७ साली स्वीडनमध्ये ४० ते ८० या वयोगटातील सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्या देशात २००१ पासून कुत्र्यांची नोंदणी सक्तीची असल्यामुळे असा अभ्यास शक्य झाला. एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कुत्रा नसलेल्या एकट्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. विशेष असे की, शिकारी जातींचे, म्हणजे अधिक धावपळ मागणारे, कुत्रे बाळगणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी थांबून एक शंका घ्यावीच लागते. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असते, असे नव्हे. ज्याचे गुडघे मुळात धड आहेत, ज्याच्या छातीत दुखत नाही, तोच शिकारी जातीचा कुत्रा पाळावयास धजावतो. तेव्हा कुत्र्यामुळे प्रकृती सुधारली, की प्रकृती चांगली म्हणून कुत्रा आला, याचा निवाडा अशा आकड्यांवरून पुरता होत नाही. स्वीडनच्या संशोधकांनीही ही मर्यादा मान्य केली आहे. म्हणून ‘कुत्रा पाळा आणि आयुष्य वाढवा’ असा सल्ला देणे हे विज्ञानाच्या नावावर केलेले धाडस ठरेल.

तथापि एक गोष्ट बरीच निश्चितपणे म्हणता येते. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील तीन हजारांहून अधिक वृद्धांच्या हालचालींची यंत्राद्वारे मोजणी करण्यात आली. तिचे निष्कर्षही २०१७ सालचेच आहेत. कुत्र्याला नियमितपणे फिरावयास नेणारे लोक पावसाळी, थंड आणि काळोख्या दिवशीही इतके चालत होते की, कुत्रा नसलेले लोक स्वच्छ उन्हाच्या दिवशीदेखील तेवढे चालत नव्हते. याचे कारण समजण्यास फार खोलात जावयास नको. सकाळी उठून फिरावयास जाण्याचा निश्चय आपण सर्वच करतो आणि सर्वच मोडतो. टॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने माणूस स्वतःलाच बांधून घेण्यासाठी कोणकोणत्या युक्त्या करतो याचा मार्मिक विचार केला होता. त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर, कुत्रा हे माणसाने आपल्याच आळसाविरुद्ध करून ठेवलेले बंधन आहे. निश्चयाशी तडजोड करता येते. पहाटे साडेपाच वाजता उशाशी येऊन उभ्या राहिलेल्या कुत्र्याशी ती करता येत नाही.

बेकार कामगाराचा प्रश्न

आता दुसरी बाजू. अवखळ कुत्रा अवखळ का असतो, याचा विचार पिल्लू घेताना सहसा कोणी करीत नाही. आज ज्या जाती हौसेने पाळल्या जातात त्यांपैकी बहुतेक माणसाने कामासाठी घडविल्या. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या कामी येत, आणि पुढे इंग्लंडात बंदुकीने पाडलेले पक्षी उचलून आणण्याचे काम या जातीला मिळाले. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी जर्मन शेफर्ड ही जात रीतसर सिद्ध केली, ती मेंढ्यांचे कळप हाकण्यासाठी. बीगल हा सशाचा माग तासन् तास काढणारा, तर हस्की बर्फावरून गाड्या ओढणारा. आपल्याकडचा कारवानी किंवा मुधोळचा कुत्रा माळरानावर सशामागे धावण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या अंगी श्रम मुरविले गेले, त्यांना आपण दोन खोल्यांच्या सदनिकेत आणून बसविले आणि हातचे काम काढून घेतले. अर्थशास्त्रात आपण शेतीतील छुप्या बेकारीविषयी विद्यार्थ्यांना शिकवितो. सदनिकेतील लॅब्रेडॉर हे छुप्या बेकारीचे अगदी नमुनेदार उदाहरण होय. सोफ्याची गादी फाडणे, दारावर ओरखडे काढणे, जाणाऱ्या-येणाऱ्यावर भुंकणे यांस आपण खोड म्हणतो. वस्तुतः ती काम न मिळालेल्या कामगाराची तक्रार असते.

हे ध्यानात घेतले म्हणजे वयस्कर मालकाचे काम थोडे निराळे दिसू लागते. कुत्र्याबरोबर धावणे त्याला शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. त्याला कामाची व्यवस्था करावयाची आहे. कुत्र्याचे नाक हे त्याचे मुख्य हत्यार आहे. त्याच्या जेवणातील थोडा भाग घरात ठिकठिकाणी लपवून तो हुंगून शोधावयास लावला, तर पंधरा-वीस मिनिटांत तो समाधानाने थकतो. ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ हे शब्द रोज दोन वेळा पाच-पाच मिनिटे शिकविणे, फिरताना त्याला मनमुराद हुंगू देणे, ही सारी कामे सत्तरीतील माणूस खुर्चीत बसून अथवा सावकाश चालत करू शकतो. या बाबतीत निवृत्त शिक्षकांची मोठी अनुकूलता आहे. तीच गोष्ट न रागावता शंभर वेळा सांगण्याचा सराव त्यांना आयुष्यभर झालेला असतो. मारून शिकविलेला कुत्रा भितो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो. छडीचा हा अनुभव आपल्या शाळांनाही नवा नाही.

धोक्याची नोंद मात्र स्पष्टपणे केली पाहिजे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील व्यक्तींना कुत्रा फिरविताना पडून अस्थिभंग झाल्याच्या, आणि त्यासाठी तातडीच्या उपचार विभागात जावे लागल्याच्या, घटनांचा अंदाज २००४ साली १,६७१ होता. २०१७ साली तो ४,३९६ वर गेला. जखमींपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि मोडलेल्या हाडांत खुब्याचे हाड अग्रभागी होते. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. आपले पदपथ तर उखडलेल्या फरशांचे, आणि गल्लीच्या तोंडाशी भटक्या कुत्र्यांचा जथा ठरलेला. म्हणून दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नये, लांब होत जाणारी दोरी वापरू नये, गळपट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा वापरावा, आणि दोरी ओढायची नाही हा धडा कुत्र्याला पहिल्या महिन्यापासून द्यावा. पट्टा कोणताही असला तरी ओढीचा जोर वजनावर ठरतो. दहा किलोचा कुत्रा ओढू लागला तर माणूस डगमगतो. तीस किलोचा ओढू लागला तर माणूस पडतो.

वयाचे गणित

खरी अडचण वयाच्या गणितात आहे. पासष्टाव्या वर्षी पिल्लू घेतले, तर कुत्र्याचे सर्वांत दांडगे वय, म्हणजे साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ, मालकाच्या सदुसष्टीपर्यंत सरतो. हा काळ बहुतेकांना निभावून नेता येतो. परंतु मोठ्या जातीचा कुत्रा आठव्या-नवव्या वर्षी म्हातारा होऊ लागतो आणि दहा ते बारा वर्षांचा झाला की त्याचे मागचे पाय पुष्कळदा अधू होतात. त्या वेळी मालक पंचाहत्तरी ओलांडून गेलेला असतो. तीस किलोच्या जनावराला उचलून जिन्यावरून खाली नेणे, गाडीत घालून दवाखान्यात पोचविणे हे तेव्हा कोणी करावयाचे? अवखळपणाची भीती सर्वांना वाटते. परंतु अवखळपणा शिक्षणाने आणि कालांतराने ओसरतो. वजन ओसरत नाही, आणि मालकाचे वयही मागे फिरत नाही. पिल्लू घेताना त्याचा खेळकरपणा पाहून निर्णय घेतला जातो. निर्णय घ्यावा तो बाराव्या वर्षीचा कुत्रा डोळ्यांपुढे आणून.

खर्चाचेही तसेच आहे. मध्यम किंवा मोठ्या आकाराच्या कुत्र्याचे अन्न, वार्षिक लसी, जंताची आणि गोचिडांची औषधे मिळून महिन्याला चार-पाच हजार रुपये सहज लागतात, आजारपण निराळे. खाजगी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान मासिक रक्कम १,००० रुपये ठरविण्यात आली, हे लक्षात घेतले म्हणजे या खर्चाचे गांभीर्य कळते. मुले पिल्लाची किंमत देतात. ती या साऱ्या खर्चाचा अगदी लहान भाग असते. यंत्र भेट द्यावयाचे आणि त्याची देखभाल घेणाऱ्याच्या गळ्यात घालावयाची, असाच हा व्यवहार झाला. ज्या मुलांना आईवडिलांना सोबत द्यावयाची आहे, त्यांनी दरमहा खर्चाचा वाटा उचलावा आणि आईवडिलांच्या पश्चात त्या कुत्र्याचे काय, याचे उत्तर आधी द्यावे. ते देता येत नसेल तर पिल्लू न देणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

हे उत्तर दिले गेले नाही म्हणजे काय घडते, ते शहरातील कोणत्याही प्राणी-निवाऱ्यात जाऊन पाहावे. मालक आजारी पडला, निवर्तला, अथवा मुलांकडे परगावी गेला, म्हणून आणून सोडलेले कुत्रे तेथे भेटतात. काहींना तर रस्त्यावर सोडून दिले जाते. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने असे सोडून देणे हा गुन्हा मानला; परंतु पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठरविला तो दहा ते पन्नास रुपयांचा. साठ वर्षांपूर्वी पन्नास रुपयांना काही किंमत होती. आज एवढ्या दंडाने कोणाचे पाऊल मागे फिरावे अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

गल्लीतला कुत्रा, घरातला कुत्रा

आपल्या परंपरेत कुत्र्याविषयी करुणेचा तुटवडा नाही. स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत जाण्यास नकार देणारा युधिष्ठिर आणि पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दत्ताच्या आणि खंडोबाच्या पायांशीही कुत्रा आहेच. परंतु या साऱ्यांत जो कुत्रा भेटतो तो कोणा एकाच्या मालकीचा नसतो. गावात आणि वाड्यात कुत्रा असे तो आळीचा. एका घरी भाकरीचा तुकडा, दुसऱ्या घरी ताकाचे पाणी, तिसऱ्याच्या ओसरीवर झोप आणि दिवसभर मोकळी भटकंती, असा त्याचा दिनक्रम असे. त्याच्या अंगची रग गावाच्या शिवारात जिरून जाई, आणि त्याचा भार दहा घरांत वाटला जाई. सदनिकेच्या संस्कृतीने हा सामायिक कुत्रा खाजगी केला. त्याची सारी रग आणि सारा भार आता एका घरावर आला, आणि ते घर वृद्धांचे असेल तर दोन थकलेल्या माणसांवर आला. प्रश्नाचे मूळ येथे आहे, आणि उपायाची दिशाही येथेच सापडते. हा भार पुन्हा थोडा वाटून घ्यावयास हवा.

आमच्या वसाहतीत टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे बीगल जातीचा कुत्रा आहे. सकाळचे फिरणे ते स्वतः करतात, संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा येऊन “आजोबा, नेऊ का याला मैदानावर?” असे विचारतो आणि तासभर त्याला पळवून आणतो. मोबदला म्हणून आजोबा त्याची इंग्रजीची तयारी करून घेतात. पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दहा दिवस तो कुत्रा त्या मुलाच्याच घरी होता. “माझी रक्तदाबाची गोळी मी विसरतो, पण याच्या जेवणाची वेळ झाली की हा मला उठवतो आणि मग गोळीही आठवते,” असे ते एकदा सहज म्हणाले. या व्यवस्थेत पैशाची देवघेव नाही, पण सर्वांचेच काही ना काही साधले आहे. विद्यार्थिवर्गाने याचा अवश्य विचार करावा. वसतिगृहात वा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या ज्या तरुणाला स्वतःचा कुत्रा पाळता येत नाही, त्याला शेजारच्या आजी-आजोबांचा कुत्रा फिरविता येईल.

गृहनिर्माण संस्थांनीही आपला दृष्टिकोन बदलावयास हवा. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या परिपत्रकानुसार कुत्रा पाळण्यास सरसकट मनाई करणारा ठराव संस्थेला करता येत नाही. परंतु मालकावरही जबाबदारी आहेच. विष्ठा उचलणे, उद्वाहनात कुत्रा आखूड दोरीवर धरणे, रेबीजची लस दरवर्षी न चुकता टोचून घेणे ही कर्तव्ये वयाची सबब सांगून टाळता येणार नाहीत. आपले जनावर आवरण्यात हयगय करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय नाही, हे सर्वांनाच ठाऊक असते. आवरणे ज्याला झेपणार नाही त्याने पाळू नये, हा नियम सत्तरीला जसा लागू आहे तसाच पंचविशीलाही आहे.

ज्यांना उतारवयात कुत्रा पाळावयाचाच आहे, त्यांच्यापुढे पिल्लू हा एकच पर्याय नसतो. निवाऱ्यांत चार-सहा वर्षांचे, स्वभाव ठरलेले, घरात राहण्याची सवय असलेले कुत्रे मिळतात. दातांचे आणि दांडगाईचे दिवस मागे पडलेले असतात, आणि त्यांच्या उरलेल्या आयुष्याचे गणित मालकाच्या वयाशी अधिक जुळते. पंधरा-वीस किलोचा गावठी कुत्रा आपल्या हवेला सरावलेला, कमी खर्चाचा आणि बुद्धीने कोणाहून उणा नाही. पिल्लूच घ्यावयाचे असेल, तर त्याच दिवशी दुसऱ्या सांभाळकर्त्याचे नाव ठरवून ठेवावे. आपल्या कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही मालमत्ता आहे. त्याच्या नावे काही ठेवता येत नाही, पण त्याला सांभाळणाऱ्याच्या नावे मृत्युपत्रात तरतूद करता येते. रतन टाटा २०२४ साली निवर्तले, तेव्हा त्यांनी आपल्या कुत्र्याच्या सांभाळाची व्यवस्था मृत्युपत्रात केल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. हे करावयास उद्योगपती असावे लागत नाही. साध्या कागदावर दोन ओळी, आपली आणि दोन साक्षीदारांची सही, आणि एका भाच्याची किंवा शेजाऱ्याची संमती पुरते.

सार्वजनिक व्यवस्थेकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. मुंबईत परळला बाई साकराबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. २०२४ साली महालक्ष्मी येथे टाटा न्यासाचे पाळीव प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले. परंतु जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे लक्ष साहजिकच गाई-म्हशींकडे अधिक असते. परवान्यांचे शुल्क जमा करणाऱ्या नगरपालिकांनी त्यातून ज्येष्ठांच्या घरी जाऊन लस टोचण्याची सोय केली, तर रेबीजच्या निर्मूलनालाही तिचा हातभार लागेल. भारताने त्यासाठी २०३० हे वर्ष ठरविले आहे.

थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली श्रीमंतांच्या उधळपट्टीचे विश्लेषण करताना पाळीव कुत्र्याला निरुपयोगी खर्चाच्या यादीत बसविले होते. उंची जातीच्या पिल्लांचा आजचा बाजार पाहिला तर त्याचे म्हणणे पुरते खोडून काढता येत नाही. परंतु त्याच्याही सव्वाशे वर्षे आधी, १७७६ साली, ॲडम स्मिथने एक निराळे निरीक्षण नोंदविले होते. कुत्रे आपापसांत हाडकांची अदलाबदल करीत नाहीत. त्यांना काही हवे असेल तर ते लडिवाळपणे माणसाचे लक्ष वेधून घेतात, असे त्याचे म्हणणे होते. विनिमयाची वृत्ती माणसातच आहे, एवढेच त्याला सांगावयाचे होते. उतारवयातील माणसाला मात्र या निरीक्षणाचा दुसरा अर्थ जाणवेल. निवृत्तीनंतर पुष्कळ नात्यांतील देवघेव आटत जाते. ज्याच्या सहीला किंमत होती, त्याच्याकडे आता कोणाचे काम नसते. अशा वेळी हिशेब न मांडणारा एक जीव रोज पहाटे आपली वाट पाहतो, याचे मोल मोठे आहे. तो हिशेब मांडत नाही, म्हणूनच त्याच्या बारा वर्षांचा हिशेब आपण आधी मांडून ठेवणे हे आपले कर्तव्य ठरते.